घरी जाण्याची किंमत

परदेशी स्थायिक झालेला मनुष्य सुट्टीत घरी येतो तेव्हा भेटवस्तूंबरोबरच आपल्या सुस्थितीचा पुरावाही घेऊन येतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या देशात हा पुरावाच कित्येक वर्षे आप्तांच्या जिवावर उठत असे.

जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा हा देश. १९८० ते १९९२ या काळातील यादवी युद्धात सुमारे ७५ हजार माणसे प्राणास मुकली आणि लक्षावधी लोकांनी अमेरिकेची वाट धरली. त्यांनी धाडलेल्या पैशावरच पुढे देशाचा संसार चालू लागला. २००१ पासून तर चलनही डॉलरच झाले. २०२३ साली ही रक्कम आठशे कोटी डॉलरांच्या वर गेली. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा! एकेकाळी कॉफी निर्यात करणाऱ्या या देशाची मुख्य निर्यात आता माणसे हीच म्हणावयाची.

दुर्दैव असे की, गुन्हेगारीही त्याच वाटेने आली. मारा साल्वात्रुचा आणि बारिओ १८ या टोळ्यांचा जन्म लॉस एंजलिसमधला. १९९० नंतर, विशेषतः १९९६ च्या कायद्यानंतर, अमेरिकेने शिक्षा झालेल्या स्थलांतरितांची मोठ्या संख्येने परत पाठवणी केली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या वस्त्यांत या टोळ्यांना रुजावयास वेळ लागला नाही. खंडणीला तेथे ‘रेंता’ म्हणत, म्हणजे चक्क भाडे. बसमालकापासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत ते सर्वांनाच भरावे लागे. ज्याच्या घरी डॉलर येत, तो तर हक्काचा भाडेकरू. अर्थशास्त्रदृष्ट्या हा एक करच होता, फक्त त्यात सूट नव्हती आणि अपीलही नव्हते.

अशा ठिकाणी पाहुण्याने जावे कसे? भिंतीला दिलेला नवा रंग, दारात उभी राहिलेली मोटार, भाच्याच्या पायांतील नवे बूट, एवढ्यावरून घराची ऐपत ठरे. एका टोळीच्या हद्दीतील मुलाने दुसरीच्या हद्दीत राहणाऱ्या आजीला भेटावयास जाणे म्हणजे जिवाशी खेळ; ओळखपत्रावरील पत्ताच त्याचा घात करी. ‘यंदा येऊ नका’ असे आप्तांनीच कळवावे, यापरता दैवदुर्विलास कोणता?

२०१५ मध्ये या सुमारे ६३ लाख वस्तीच्या देशात ६,६०० हून अधिक खून झाले. मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांत ८७ जणांची हत्या झाली आणि अध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी पुकारली. ३० दिवसांची ती मुदत पुनःपुन्हा वाढविली गेली. ऐंशी हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये खून झाले अवघे ११४. पाहुणे आता रात्रीही निर्धास्त हिंडतात. हा पालट खरा आहे; दूर बसून त्यास नाके मुरडणाऱ्यांनी एकदा त्या आजीला विचारून पाहावे.

तथापि त्याचे मोलही त्याच घरांनी मोजले आहे. आणीबाणीत अटकेचे कारण सांगण्याचे बंधन उरले नाही. न्यायाधीशापुढे उभे करण्याची ७२ तासांची मर्यादा १५ दिवसांवर गेली. पुढे शेकडो आरोपींवर एकत्रित खटला भरण्याची तरतूद झाली. पकडलेल्यांपैकी काही हजार जणांना सोडून देणे सरकारलाच भाग पडले. परदेशातून येणाऱ्या डॉलरांतून कित्येक कुटुंबे आता कोठडीतील मुलासाठी अन्नाचे, कपड्यांचे पुडके विकत घेतात आणि तुरुंगाच्या खिडकीवर देऊन येतात. ते त्याच्या हाती पडले की नाही, हे बहुधा कळत नाही. दुरून आलेला मामा आता गावातील कोणत्याही गल्लीत जाऊ शकतो. या भाच्याची भेट मात्र त्यास मिळत नाही.