मर्चंट, गावसकर, सचिन : तुलना करायची तरी कशी?



जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयझेनहॉवर पार्कात भारत-पाकिस्तान सामना झाला, आठवतोय ना? आपण ११९ धावांत सर्वबाद झालो आणि तरीही ६ धावांनी जिंकलो. ऋषभ पंतच्या ४२ धावा सामन्यात सर्वांत जास्त ठरल्या. एरवी टी-ट्वेंटीत ४२ धावांचं कोण कौतुक करतं? पण त्या खेळपट्टीवर त्यांचं मोल फार मोठं होतं.

आजोबा विजय मर्चंट म्हणतात, बाबा गावसकर म्हणतात, आपण सचिन म्हणतो आणि इथे वाढलेली मुलं विराट म्हणतात, तेव्हा वादात हीच गोष्ट निसटते. धाव ही रुपयासारखी आहे. १९७१ चा रुपया आणि आजचा रुपया आपण एकास एक धरत नाही. मग धावा का धरायच्या?

इथल्या बेसबॉलवाल्यांनी यावर एक तोड काढली आहे. ‘ओपीएस प्लस’ नावाच्या आकड्यात त्या-त्या हंगामाचा सरासरी फलंदाज १०० धरतात आणि मैदानाचा फरकही हिशेबात घेतात. बेब रूथचा कारकिर्दीचा आकडा २०६ आहे. म्हणजे तुलना थेट आजच्या खेळाडूशी नाही, त्याच्याच काळातल्या लोकांशी.

हीच फूटपट्टी लावली की ब्रॅडमन वेगळा का, ते कळतं. त्याची कसोटी सरासरी ९९.९४. हर्बर्ट सटक्लिफ आणि ग्रॅम पोलॉक हे दिग्गज साठ-एकसष्टच्या आसपास. अर्थात, ब्रॅडमनच्या ५२ पैकी ३७ कसोट्या एकट्या इंग्लंडविरुद्ध होत्या, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाबाहेर तो कसोटी खेळलाच नाही. तरीही एवढी मोठी दरी त्याने भरून निघत नाही.

आता गावसकर. वेस्ट इंडीजविरुद्ध २७ कसोट्या, २७४९ धावा, १३ शतकं, सरासरी ६५.४५. पण हा आकडा जरा उघडून बघू. १९७१ च्या मालिकेतल्या ७७४ धावा आल्या तेव्हा विंडीजचा तो प्रसिद्ध तोफखाना अजून उभा राहायचा होता. १९७८-७९ मध्ये ७३२ धावा झाल्या, तेव्हा त्यांचे मुख्य खेळाडू पॅकरकडे गेले होते. या दोन मालिका बाजूला काढल्या की उरतात १७ कसोट्या, १२४३ धावा, सरासरी साधारण ४३. बाबांना हे ऐकून वाईट वाटेल. पण थांबा! रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल यांच्यासमोर, बहुतेक वेळा सलामीला, हेल्मेटशिवाय ४३! माझ्या मते ६५ पेक्षा हा ४३ चा आकडाच गावसकरची थोरवी जास्त सांगतो.

मर्चंटची अडचण निराळी. प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, पण कसोट्या फक्त १०. १९३६ ते १९४६ भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. ऐन भराची वर्षं महायुद्धात गेली. १९५१ मध्ये, चाळिशीत, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. दहा कसोट्यांवरून त्यांना छोटं ठरवणं अन्याय आहे, आणि ७१ वरून ब्रॅडमनच्या शेजारी बसवणं घाईचं.

आणि सचिन? सरासरी ५३.७८, गावसकरच्या ५१.१२ हून फार पुढे नाही. पण १९८९ ते २०१३, २०० कसोट्या. वकार, वॉर्न, मॅकग्रा, स्टेन, अशा बदलत्या गोलंदाजांपुढे २४ वर्षं टिकणं हे वेगळंच मोजमाप आहे.

म्हणून मंडळी, घरात वाद रंगला की आधी विचारा : समकालीनांपेक्षा किती पुढे? कोणापुढे? आणि किती काळ? पहिल्याला माझं उत्तर ब्रॅडमन, दुसऱ्याला गावसकर, तिसऱ्याला सचिन. तुमची उत्तरं वेगळी असतील तर जरूर कळवा, पण आकडे उघडून बघितल्यावर!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.