हाडाची भर घालण्यापूर्वी सायनसची पारख

वरच्या जबड्यातील दाढा पडून काही वर्षे लोटली, की दोन्ही बाजूंनी हाड घटू लागते. चावण्याचा भार न उरल्याने ते खालून झिजते आणि वरून सायनसची, म्हणजे गालामागील हाडात असलेली हवेची पोकळी विस्तारत खाली येते. मध्ये कधी कधी तीन-चार मिलिमीटरच हाड शिल्लक राहते. नेहमीच्या लांबीचे इम्प्लांट रोवण्यास ते अपुरे पडते. अशा वेळी दंतवैद्य ‘सायनस लिफ्ट’ सुचवतात : पोकळीचे अस्तर अलगद वर उचलून त्याखाली हाडाची भर घालावयाची. १९८० मध्ये बॉइन व जेम्स यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे.

रुग्णाचे सारे लक्ष मात्र हाडाकडे आणि खर्चाकडे असते. तारणाची शहानिशा केल्यावाचून कर्ज मंजूर न करणारेही येथे सायनसची चौकशी करीत नाहीत!

सायनसमधील स्राव अस्तरावरील सूक्ष्म तंतूंच्या हालचालीने एका चिंचोळ्या छिद्राकडे ढकलला जातो व तेथून नाकात उतरतो. हे छिद्र तळाशी नसून बरेच वर आहे, हीच खरी अडचण. शस्त्रक्रियेनंतर अस्तर थोडेफार सुजतेच. त्यात निचरा आधीपासूनच खुंटलेला असेल, तर जंतुसंसर्ग होऊन घातलेली भर काढून टाकण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून सीबीसीटी या त्रिमितीय क्ष-किरण तपासणीत केवळ जबडा नव्हे, तर ते छिद्रही दिसावयास हवे. पुष्कळदा चित्र जबड्यापुरतेच घेतले जाते. आपण आवर्जून विचारावे. अस्तर किंचित जाड दिसले किंवा घुमटासारखी लहान गाठ आढळली, तर घाबरून जाऊ नये. बहुधा ती निरुपद्रवी असते. मात्र पोकळी भरलेली दिसणे, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, ही लक्षणे असतील तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. काही वेळा मूळ दोष शेजारच्या किडलेल्या दाढेच्या मुळाशी असतो. तिच्यावर उपचार होईपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणेच इष्ट.

धूम्रपान, जुनी सर्दी, ॲलर्जी, पूर्वी झालेली नाकाची शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही दंतवैद्यांपासून लपवू नये. पूर्वीचे स्कॅन असल्यास तेही सोबत न्यावे.