विषाणूच्या कवचाचे कंपन

पनवेल–रोहे लोहमार्गावर पेणनंतर कासू हे स्थानक लागते. अशा मार्गालगतच्या घरात गाडी जाताना फडताळावरील सगळीच भांडी सारखी खणखणत नाहीत. धक्क्यांची लय ज्या भांड्याच्या स्वतःच्या लयीशी जुळते, तेच अधिक थरथरते. यासच अनुनाद म्हणतात. याच न्यायाने विषाणूचे कवच फोडता येईल काय, असा प्रश्न सैद्धांतिक पदार्थविज्ञानाने हाती घेतला आहे.

विषाणू म्हणजे आनुवंशिक द्रव्य व त्याभोवतीचे प्रथिनांचे कवच. अनेक विषाणूंत हे कवच वीस त्रिकोणी पृष्ठांचे असते. त्याची रचना कॅस्पर व क्लुग यांनी १९६२ मध्ये उलगडली. रचना कळली तरी कवच कोणत्या लयीत थरथरते, हे सांगणे सोपे नव्हे. अणूंमधील बंध म्हणजे जणू स्प्रिंगाच. पण लहानशा कवचातही लाखाहून अधिक अणू असतात आणि प्रत्येक अणू तीन दिशांना हलू शकतो. एवढी समीकरणे एकदम सोडविणे मोठ्या संगणकासही जड जाते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे एरिक डाइकमन व ओटो सँकी यांनी २००८ मध्ये यातून वाट काढली. घनपदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा मोजण्याची गणितपद्धती त्यांनी येथे वापरली. सर्व कंपने न शोधता, ज्यांत संपूर्ण कवच फुगते वा चेपते अशी मंद कंपनेच तीतून मिळतात. मंद म्हणजे अर्थात सेकंदाला अब्जावधी! तंबाखूच्या विषाणूच्या आधाराने वाढणाऱ्या एका अतिलहान विषाणूचे गणित त्यांनी अणूगणिक मांडले.

मानवी पेशी कितीतरी मोठी व मऊ असल्याने तिची लय निराळी. म्हणून पेशीस इजा न करता विषाणू निकामी व्हावा, ही यामागील आशा. त्याच विद्यापीठात त्सेन यांनी २००७ मध्ये जिवाणूभक्षक विषाणू लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी निकामी करून दाखविला होता. मात्र तो अनुनादानेच निकामी झाला, हे निर्विवाद ठरलेले नाही. शरीरातील विषाणूभोवती पाणी असते व पाण्यात कंपने झपाट्याने विरतात. ही अडचण किरकोळ मानता येणार नाही.

करोना विषाणूचे बाह्यावरण प्रथिनांचे नसून प्रामुख्याने स्निग्ध पदार्थांचे असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये हा विषाणू वेगळा करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची छायाचित्रे घेतली. पुढल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीवरून असे दाखविले की, सेकंदाला अडीच ते दहा कोटी कंपनांच्या श्राव्यातीत ध्वनीने अशा विषाणूचे आवरण व त्यावरील काटे मोडू शकतात. रोगचिकित्सेतील ध्वनिचित्रणात याच्या जवळपासचेच ध्वनी वापरले जातात. परंतु हा निष्कर्ष गणिताचा आहे, रुग्णावरील उपचाराचा नव्हे.