पंधरा कविता आणि एक कादंबरी

इंग्लंडमधली जीसीएसई म्हणजे आपल्याकडची दहावी. तिच्या इंग्रजी साहित्याचा आजचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१५मध्ये शाळांत आला आणि त्याची पहिली परीक्षा २०१७च्या उन्हाळ्यात झाली. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४नंतरचं ब्रिटिश नाटक किंवा कथात्म पुस्तक आणि कवितांचा एक संच, असा त्याचा साचा. एक्यूए हे यातलं मोठं परीक्षा मंडळ. त्याच्याकडे जाणाऱ्या पुष्कळ शाळा ‘सत्ता आणि संघर्ष’ हा पंधरा कवितांचा संच घेतात आणि कादंबरी म्हणून डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’. लंडनमधल्या हॅरोच्या आसपासच्या मराठी घरांतली मुलं या दोन्हींच्या उजळणीसाठी माझ्याकडे येत आली आहेत. दहा वर्षांत या उजळणीचं रूप कसं पालटलं ते लिहून ठेवायचं आहे, कारण त्यात काहीतरी मोलाचं हातचं सुटत गेलं आणि ते परत आणता येण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

याआधी काय होतं, ते थोडं सांगते. नव्वदीपासून २०११पर्यंत जी मुलं इथे शिकली त्यांच्या हातात कवितांचं जे पुस्तक असे, त्यात ‘इतर संस्कृतींच्या कविता’ असा एक भाग होता. त्या भागात आपल्या मुंबईचे निसीम इझिकेल होते. विंचू चावलेली आई, भोवती जमलेले गावकरी आणि हतबल झालेले वडील, ही त्यांची कविता इंग्लंडमधल्या कितीतरी मुलांनी परीक्षेसाठी वाचली. त्याच भागात इम्तियाज धारकर यांची मुंबईच्या झोपडपट्टीत फुटलेल्या पाण्याच्या नळाची कविता होती. व्हिएतनामच्या युद्धावरची डेनिस लेव्हर्टोव्ह यांची कविताही तिथेच. पुढच्या संग्रहात ‘संघर्ष’ असा स्वतंत्र गट आला आणि युद्धकविता एकत्र आल्या. त्या काळी कवितासंग्रहाची कोरी प्रत परीक्षेच्या हॉलमध्ये नेता येई. कविता समोर असे, तिच्याबद्दल काय सुचतं ते लिहायचं.

२०१५ने हे बदललं. मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना आखलेल्या या सुधारणेवर २०१४मध्ये मोठा वाद झाला. स्टाइनबेक आणि हार्पर ली या अमेरिकन लेखकांची वर्षानुवर्षं शिकवली गेलेली पुस्तकं त्यामुळे बाहेर पडली. चर्चा त्या वादाचीच झाली. मुलांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम केला तो मात्र दुसऱ्याच नियमाने: परीक्षेला पुस्तक न्यायचं नाही. कवितेच्या प्रश्नात एक कविता छापून येते आणि तिच्याशी तुलना करायला दुसरी मुलाने मनातून आणायची. कोणती छापून येईल हे माहीत नसतं, म्हणून पंधराही तयार हव्यात. कादंबरीतलाही एकच उतारा छापलेला असतो. उत्तर मात्र संपूर्ण पुस्तकाला धरून लिहायचं असतं.

मग कार्डं आली. एका बाजूला कवितेचं नाव, दुसऱ्या बाजूला चार-पाच शब्दांचे तीन तुकडे आणि त्यातल्या अलंकाराचं नाव. कादंबरीची कार्डं पात्रांप्रमाणे, वेगळ्या रंगात. सीजीपीची गाईडं, बीबीसी बाइटसाइज, यूट्यूबवरचे मास्तर, सगळे याच वाटेने गेले. पहिल्या तुकडीची पहिली मॉक परीक्षा झाली तेव्हा माझ्याकडची मुलं कोट्स पाठ करत होती आणि कविता एकदासुद्धा सलग मोठ्याने वाचलेली नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. मनाचे श्लोक, पाढे, बालभारतीतल्या कविता आम्ही पाठ केल्या आणि त्यांचा अर्थ पुढे कधीतरी, स्वतःच्या वेळेने, उलगडत गेला. संपूर्ण कविता तोंडात असली की ती माणसाबरोबर वाढते. तुकडा वाढत नाही. त्याला एकच अर्थ चिकटवलेला असतो आणि तुकडा आठवला की तोच अर्थ बाहेर येतो. नुकसान झालं ते तिथे.

टेनिसन आणि ओवेन यांची जोडी घेऊन बघा. उजळणीतली ही सगळ्यांत लाडकी जोडी आणि वाक्यही ठरलेलं: “काकू, टेनिसन प्रो-वॉर, ओवेन अँटी-वॉर, एवढं पुरे ना?” दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच. टेनिसनची कविता क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईवरची. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी चुकीच्या समजातून गेलेल्या हुकुमामुळे घोडदळाची एक ब्रिगेड तिन्ही बाजूंनी तोफा असलेल्या दरीत शिरली. टेनिसनने हे वर्तमानपत्रात वाचलं आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरला कविता ‘एक्झॅमिनर’मध्ये छापून आली. तो राजकवी होता, सैनिकांच्या शौर्याने भारावलेला होता, हे सगळं खरं. पण वरच्या कोणाच्या तरी हातून चूक झाली हे कवितेत उघड म्हटलेलं आहे आणि ती चूक सैनिकांनाही कळलेली आहे. कविता मोठ्याने वाचली की पहिल्या कडव्यांतला टापांचा ठेका शेवटाकडे तोच राहतो, पण त्यावर परतणारी माणसं कमी झालेली असतात. ‘प्रो-वॉर’च्या कार्डावर हे मावत नाही.

ओवेनची ‘एक्सपोजर’ तर त्याहून अवघड. या कवितेत जवळजवळ काही घडतच नाही. मँचेस्टर रेजिमेंटमधला हा तरुण अधिकारी १९१७च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये बर्फात अडकला होता, त्या अनुभवातून ती आली. खंदकात माणसं वाट बघतात. गोळ्यांपेक्षा वारा आणि हिम जास्त मारतं. यमकं जुळता जुळता राहून जातात, व्यंजनं तीच पण स्वर चुकलेला, आणि प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड पडते. एका मुलीला मी ती सावकाश वाचायला लावली. तिसऱ्या कडव्यानंतर ती थांबली आणि म्हणाली, “हे संपतच नाहीये.” तंत्राचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण कवीला जे साधायचं होतं ते तिला बरोबर पोहोचलं होतं. नाव मग दोन मिनिटांत शिकवता आलं.

आणि ओवेन स्वतः? एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात मनाच्या जखमांवर उपचार घेत असताना १९१७मध्ये त्याची कवी सिगफ्रीड ससूनशी गाठ पडली आणि त्याची कविता बदलली, हे मुलांना माहीत असतं. तो पुन्हा आघाडीवर गेला, ऑक्टोबर १९१८मधल्या लढाईतल्या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला आणि शस्त्रसंधीच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबरला, ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. युद्धाचा तिटकारा असलेला माणूस उत्तम सैनिकही होता. ‘अँटी-वॉर’ या दोन शब्दांत तो बसत नाही, बसवूही नये.

ओवेन शाळेत कायमचाच होता, असंही नाही. हयातीत त्याच्या जेमतेम पाच कविता छापल्या गेल्या होत्या. ससूनने काढलेला संग्रह १९२०मध्ये आला, ब्लंडनची आवृत्ती १९३१मध्ये. १९३६च्या ऑक्सफर्ड संग्रहातून येट्सने त्याला मुद्दाम वगळलं. १९६२मध्ये बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रिक्विएम’मध्ये त्याच्या कवितांना संगीत दिलं, १९६३मध्ये सेसिल डे लुईस यांनी संपादलेला संग्रह आला, आणि त्या दशकात तो वर्गावर्गात पोहोचला. आज पहिल्या महायुद्धाचं नाव काढलं की चिखल, खंदक आणि वाया गेलेली तरुण पिढी डोळ्यांसमोर येते. हे चित्र साठच्या दशकाने पक्कं केलं. मुलांना हे सांगितलं की ती जरा चमकतात, आणि मग कविता जास्त लक्ष देऊन वाचतात.

कादंबरीकडे वळते. ‘अ ख्रिसमस कॅरल’ शाळांना आवडतं त्याचं एक कारण सरळ आहे: ते छोटं आहे, पाच भागांत संपतं. १९ डिसेंबर १८४३ रोजी ते प्रसिद्ध झालं आणि सहा हजार प्रती ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. किंमत पाच शिलिंग. पुस्तकातल्या गरीब कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग. ज्याच्यासाठी डिकन्सचा जीव तुटत होता त्या माणसाला हे पुस्तक घ्यायचं तर आठवड्याच्या कमाईतला तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! हा हिशेब मी दर वर्षी मुलांना करायला सांगते, कारण एकोणिसाव्या शतकातली गरिबी त्यांना त्यातून हाताला लागते.

कार्डावर मात्र असतो लोकसंख्यावाढीचं भय दाखवणारा अर्थशास्त्रज्ञ माल्थस. ‘संदर्भा’ला गुण असतात, म्हणून प्रत्येक उत्तरात माल्थस आणि १८३४चा गरिबांचा कायदा येणारच, बहुतेक वेळा परिच्छेदाच्या शेवटी चिकटवलेला. पहिल्या भागात देणगी मागायला आलेल्यांना बॉबचा कंजूष मालक स्क्रूज जादा लोकसंख्येबद्दल जे क्रूर बोलतो, त्याच्याशी माल्थसला जोडायचं आणि पुढे जायचं. पण डिकन्सची करामत पुढेच आहे. तिसऱ्या भागात स्क्रूज बॉबच्या मुलाचं, टायनी टिमचं, काय होईल म्हणून कळवळून विचारतो, तेव्हा त्याला भेटायला आलेलं भूत त्याचेच ते शब्द त्याला ऐकवतं. पहिल्यांदा आकडा होता, आता समोर एक लंगडं पोर आहे. पहिल्या भागाचं कार्ड वेगळं आणि तिसऱ्याचं वेगळं असलं की हा धागा मुलाच्या हाताला लागतच नाही. परीक्षेला हवा असतो तो नेमका हाच धागा.

मग २०२० आलं. त्या वर्षीच्या परीक्षा रद्द झाल्या. ऑगस्टमध्ये ऑफक्वॉल या नियामक संस्थेने पुढच्या वर्षासाठी सवलत दिली: शेक्सपिअर सक्तीचा, बाकी तीन भागांपैकी कोणतेही दोन घ्या. म्हणजे कविता सोडून देता येणार होती. कवींनी नाराजी कळवली. २०२१च्या परीक्षाही शेवटी झाल्या नाहीत, पण सवलत २०२२मध्ये राहिली. संपूर्ण अभ्यासक्रम २०२३मध्ये परतला. माझ्याकडे तेव्हा येणाऱ्यांत कविता सोडलेली मुलं होती. त्यांचं ओझं हलकं झालं आणि त्या दोन वर्षांत मुलांनी जे सोसलं ते पाहता ते व्हायलाच हवं होतं. पण सवलत कवितेवर का यावी, हे मला आजही पटत नाही. आजारपण, एकटेपण आणि मृत्यू घराघरांत आलेले असताना दहा मिनिटांत वाचून होणारी आणि दिवसभर सोबत राहणारी गोष्ट कविताच होती.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ज्यांच्याकडे कविता होत्या ती मुलं मार्चमध्ये कॅरल अॅन डफी यांची ‘वॉर फोटोग्राफर’ घेऊन बसली होती. अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारा छायाचित्रकार आणि रविवारच्या पुरवणीत ते चित्र बघून क्षणभर हळहळणारा वाचक, एवढाच तिचा विषय. फोनवर तीच दृश्यं सरकवत आलेल्या मुलांना ती समजावून सांगावी लागली नाही. सायमन आर्मिटेज यांची ‘रिमेन्स’, इराकमधून परतलेल्या सैनिकाच्या मनातून न जाणारा एक माणूस, हीसुद्धा त्या वर्षी वेगळी वाचली गेली. बारीकसारीक तपशील मुलं आपणहून विचारत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये ओसीआर या दुसऱ्या मंडळाने आपल्या संग्रहातल्या काही कविता बदलल्या. बाहेर पडलेल्यांत ओवेन आणि लार्किन होते, आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री नदीम झहावी यांनी त्यावर फार कडक शब्दांत टीका केली. मला नव्या कवींचं येणं आवडलं आणि ओवेनचं जाणं लागलं; दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. एक्यूएने २०२३पासून तिसरा संच दिला, त्याची पहिली परीक्षा २०२५मध्ये झाली. पण शाळांनी पुस्तकं विकत घेतलेली असतात, शिक्षकांची टिपणं तयार असतात, त्यामुळे माझ्याकडे येणारी मुलं अजून जुन्याच पंधरा कविता आणतात. त्यात इम्तियाज धारकरांची ‘टिश्यू’ आहे, पातळ कागदावरची, आणि मुलांना तीच सगळ्यांत अवघड वाटते. धारकर लंडनइतक्याच मुंबईच्याही. ‘पोएट्री लाइव्ह’च्या कार्यक्रमांत त्या मोठ्या सभागृहांत मुलांसमोर स्वतः कविता वाचतात, जी मुलं ते ऐकून येतात त्यांची ‘टिश्यू’ची भीती गेलेली असते.

मला खटकते ती एक उणीव. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६मध्ये शरण गेल्या. या पंधरा कवितांत त्यांच्यासाठी जागा नाही. त्यांचा ओवेन कोणी झाला नाही, म्हणून निवडायला इंग्रजीत काही नसेल, हेही असेल. पण ओवेनच्या आईने १९२०मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून कळवलं होतं की शेवटचा निरोप घेताना मुलाच्या ओठांवर ‘गीतांजली’तल्या ओळी होत्या. एवढा दुवा सांगितला तरी हॅरोतल्या मराठी मुलाला ते युद्ध परकं राहत नाही.

गेल्या दोन वर्षांत मी क्रम उलटा केला आहे. दुसऱ्या पेपरात ‘अनसीन’ म्हणजे कधी न पाहिलेल्या कवितांना ३२ गुण असतात. पाठ केलेल्या संचाला ३०. मुलं अनसीन शेवटच्या आठवड्यावर टाकतात, कारण त्याचं कार्ड करता येत नाही. मी सप्टेंबरपासून त्यानेच सुरुवात करते: अनोळखी कविता, दोनदा मोठ्याने वाचन, आणि अलंकाराचं नाव घ्यायला बंदी. नाताळनंतर पंधरा कविता, त्याही सलग, एका बैठकीत एक. ‘कॅरल’ डिसेंबरमध्ये पाच संध्याकाळी वाचून संपवायचं, आळीपाळीने, सगळ्यांनी मिळून. कार्डं फेब्रुवारीत, आणि तीही मुलांनी स्वतः केलेली. एका मुलाने या वर्षी ‘एक्सपोजर’च्या कार्डावर तुकडा लिहिलाच नाही, प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ किती शब्दांची आहे, तेवढं त्याने नोंदवून ठेवलं आहे.