उपकरण बिघडलेले नव्हते

धाराशिव जिल्ह्यातील एका उच्च माध्यमिक शाळेत गेल्या वर्षी सरांनी कपाटातून एक पेटी काढून मला दाखवली. संगणकाला जोडून विभवांतर मोजणारी ती पेटी होती. "नवा संगणक आला आणि ही बिघडली," सर म्हणाले. तपासून पाहिले तर पेटीचे परिपथ ठीक होते. तिच्यासोबतची सीडी मात्र विंडोज एक्सपीसाठी होती. पेटीची भाषा संगणकाला समजावणारा दुभाषाच मागे राहिला होता.

या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचे काम समजण्यासाठी 'एक्सपआयज'चे उदाहरण घेऊ. नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने शाळा-महाविद्यालयांसाठी ही मोजणी-पेटी तयार केली. तिच्या एका टोकाला उणे १६ ते अधिक १६ व्होल्टपर्यंत विभवांतर देता येते. पेटी या ३२ व्होल्टच्या पट्ट्याचे ४०९६ भाग पाडते आणि संगणकाकडे फक्त एक अंक पाठवते. समजा ३००० हा अंक आला. त्याचे ७.४४ व्होल्ट होतात हे ड्रायव्हर ठरवतो.

आता प्रश्न असा, की आज्ञावलीला काही गंज चढत नाही. मग तिची देखभाल कसली? पेटी तीच राहते, पण तिच्या भोवतालचे सारे बदलते. संगणकाचा नऊ टाचण्यांचा पोर्ट गेला, यूएसबी आले. ज्या भाषेत आज्ञावली लिहायची ती भाषाही बदलते. पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. पायथन ३ मध्ये भागाकाराची खूण तीच राहिली, अर्थ मात्र बदलला. पूर्वी १००० भागिले २५६ याचे उत्तर ३ येई, आता ३.९०६२५ येते.

एवढ्याने काय बिघडते? समजा, दर १००० मायक्रोसेकंदांनी एक वाचन घे, असे पेटीला सांगायचे आहे. तिला एका वेळी ० ते २५५ मधलाच अंक कळतो. म्हणून १००० चे दोन तुकडे करतात: ३ आणि २३२, कारण ३ × २५६ + २३२ = १०००. नव्या भाषेत पहिला तुकडा ३.९ होतो आणि आज्ञावली तक्रार करून थांबते. हे चांगलेच. पण कोणी घाईने ३.९ चे जवळचे पूर्णांकात ४ केले, तर पेटी बिनतक्रार १२५६ मायक्रोसेकंदांचे अंतर धरते आणि संगणक १००० समजून आलेख काढतो. आलेख सुबक दिसतो, पण घरातील ५० हर्ट्झच्या विजेची वारंवारता ६२.८ हर्ट्झ भरते. थांबलेल्या उपकरणापेक्षा मला या सुबक आलेखाची जास्त भीती वाटते; विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात!

म्हणूनच ड्रायव्हर बदलल्यावर मी पहिली चाचणी हीच घेतो. पेटीच्या टोकाला तारेचा एक तुकडा जोडून तो दिव्याच्या वायरीजवळ, तिला न चिकटवता धरायचा. (सॉकेटमध्ये मुळीच घालायचा नाही.) पडद्यावर लहर उमटते. ती ५० च्या आसपास नसेल तर दोष वेळेच्या हिशेबात शोधावा.

एक्सपआयजची आज्ञावली मुक्त स्रोत आहे. चुकलेली ओळ कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते. तिचे काम पायथन ३ वर आणले गेले ते असेच. २०१० पासून चाललेल्या 'सिगरॉक' प्रकल्पात स्वयंसेवक अनेक कंपन्यांच्या मल्टिमीटर व दोलनदर्शकांचे ड्रायव्हर सांभाळतात. तेथील अडचणी मासलेवाईक असतात. मल्टिमीटरची एक केबल बाहेरून एकच दिसते, पण आत कधी एका कंपनीची चिप असते, कधी दुसऱ्या. दोघींना वेगवेगळे ओळखावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही केबली कोणाच्या तरी हातात असाव्या लागतात.

सरांच्या पेटीची आज्ञावली बंदिस्त होती आणि आज्ञांची यादी निर्मात्याने कधी दिलीच नव्हती. सुदैवाने शाळेचा जुना संगणक अडगळीत शाबूत आहे. अकरावीच्या दोन मुली तो सुरू करून, पडद्यावर कोणते बटण दाबले की पेटीकडे कोणते अंक जातात, याचा तक्ता करत आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना एकच आज्ञा ओळखता आली, ती विभवांतर वाचण्याची.