बागेत, चादरीवर, 1919 सालचा कृष्ण

साडेसहाला प्रोजेक्टर लावला आणि चादरीवर काहीच दिसेना. केबल काढली, घातली, फुंकर मारून पाहिली. शेवटी वॉचमनकाका म्हणाले, ‘‘पोरांनो, अजून उजेड आहे की!’’ मे महिन्यात नाशिकला सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि नीट काळोख व्हायला साडेसात वाजतात. सहा जणांच्या टीममध्ये हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

प्लॅन साधा होता. परीक्षा संपली होती, मल्टिप्लेक्सला जायचं तर पॉपकॉर्नमध्येच खिसा रिकामा होतो. मग कॉलनीच्या बागेतच सगळ्यांना फुकट सिनेमा दाखवू! एकाकडे ओटीटीचं सबस्क्रिप्शन होतं, म्हणजे काम झालंच. तिथेच लॉ करणाऱ्या मैत्रिणीने ब्रेक लावला. ते सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं. तिकीट लावा नाहीतर लावू नका, चारचौघांत सिनेमा दाखवायचा तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते.

दुसरी अडचण मोठी होती. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम आम्हाला पाठ होता. साडेसात ते दहा म्हणजे अडीच तास, आरामात बसतं. पण बागेला लागून घर असलेले एक काका आले आणि म्हणाले, ‘‘नियम मला सांगू नका. हिचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेत. स्पीकर लागला तर वायर मी स्वतः काढीन.’’ त्या रात्री ग्रुपवर काकांबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातलं माझं वाक्य इथे छापता येणार नाही. सकाळी वाचलं तेव्हा मलाच लाज वाटली. आठ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं माणूस माझ्या घरात असतं, तर मीही हेच म्हणाले असते.

‘‘आवाजच नको ना? मग मूकपट लावा,’’ आमचा पेटीवाला वैतागून म्हणाला. तो बोलला गमतीत, पण लॉवाली ताठ बसली. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. म्हणजे फाळक्यांचे सगळे मूकपट केव्हाच मोकळे झालेत. आणि आम्ही राहतो कुठे, तर नाशिकला! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला तो 3 मे 1913 ला. तोही ऐन उन्हाळ्यातच. ‘फाळके स्मारक’ म्हटलं की आम्हाला फक्त शाळेची सहल आठवायची. त्यांचा एकही सिनेमा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

निवडला ‘कालिया मर्दन’, 1919 सालचा. यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची चिमुकली लेक मंदाकिनी. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. सहा वर्षांनी इथे एक मुलगी कृष्ण झाली.

पडदा म्हणजे आईची डबलबेडची पांढरी चादर. वाऱ्याने तिचं शीड झालं, म्हणून खालच्या कडेला विटा बांधल्या. पेटी आणि तबला, दोन्ही माइकशिवाय. मूकपटाच्या जमान्यात थिएटरमध्ये अशीच वाजवणारी मंडळी बसायची. बागेतला मोठा दिवा वॉचमनकाकांनी बंद केला आणि डासांनी हल्ला चढवला.

सुरुवातीला मंदाकिनीचा चेहरा दिसतो. ती नुसते हावभाव करून दाखवते. मागच्या पोरांनी हसायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. पण कृष्ण यमुनेत उडी मारतो, पाण्याखाली त्याची नागाशी झटापट चालते आणि काठावर गोकुळ रडत असतं. वर काठ, खाली नाग, पुन्हा काठ. तबलेवाला वेगात गेला. घसरगुंडीवर बसलेला एक छोटा जोरात ओरडला, ‘‘अरे, वर ये ना!’’ तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. व्हीएफएक्सच्या गप्पा मारणारे आम्हीसुद्धा.

पाट्या मोठ्याने वाचायचं काम एका आजींनी आपणहून घेतलं. थोड्या अडखळल्या, पण गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

काका आले होते. सबंध वेळ फाटकापाशी उभे. सिनेमा संपल्यावर सरळ पेटीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, ‘‘हिने खिडकी उघडायला लावली होती. पेटीचा एक सूर बसतोय, दुरुस्त करून घ्या.’’

खर्च 640 रुपये. सुतळी, चहा, मच्छर अगरबत्ती. चादरीवर विटेचे डाग पडलेत, आईला अजून सांगितलेलं नाही.