गल्ल्यापासून आठ दिवस दूर : रॉड्रिग्ज बेटावरील सुट्टीचा हिशेब

आपल्या व्यापारी बांधवांना एक साधा प्रश्न विचारतो. निव्वळ विश्रांतीसाठी आपण आजवर किती वेळा आठ दिवस पेढी सोडली आहे? माल पाहायला आपण सुरतेला जातो, अहमदाबादला जातो. हज-उमऱ्याला जातो, पण ती इबादत आहे, सुट्टी नव्हे. लग्नकार्याला जातो, तिथे तर दुप्पट दमून येतो. विश्रांतीचे नाव काढले की आपले उत्तर ठरलेले असते : "सीझन संपू द्या, मग बघू." सीझन काही संपत नाही.

माझेही तसेच चालले होते. पन्नाशी ओलांडली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि घरातून तगादा लागला, तेव्हा मी पहिल्यांदा मॉरिशसला गेलो. सात दिवस, तीन हॉटेले आणि रोज सकाळी आठला दारात उभी राहणारी बस. पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून एकही ठिकाण सोडले नाही. परत आलो तो धुलाईतून काढलेल्या ताग्यासारखा पिळून. दुसऱ्या वेळी मात्र मॉरिशसच्याही पलीकडे असलेल्या रॉड्रिग्ज या लहानशा बेटावर गेलो आणि विश्रांती म्हणजे काय ते कळले. त्या वेळीही एक चूक केली आणि तिचा भुर्दंड भरला. कोणाला जायचे असेल तर माझ्या अनुभवाचा फायदा व्हावा, म्हणून हा लेख.

बेट कोठे आहे, कसे आहे

रॉड्रिग्ज हा मॉरिशस देशाचाच भाग आहे. २००२ सालापासून त्याला स्वतःचा कारभार पाहण्याची स्वायत्तता मिळाली. मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटर, भर हिंदी महासागरात ते आहे. क्षेत्रफळ फक्त १०८ चौरस किलोमीटर आणि वस्ती पन्नास हजारांच्या आत. सर्वात उंच डोंगर माँ लिमों, त्याची उंची ४०० मीटरही भरत नाही. गावे छोटी, रस्ते वळणावळणाचे.

बेट ज्वालामुखीतून झालेले आहे, पण तो ज्वालामुखी केव्हाच थंड झाला. धूर नाही की लाव्हा नाही. तिथला काळा दगड पाहिला की आपल्या घाटाची आठवण येते आणि त्यात थोडे तथ्यही आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला रस. हा रस ज्या खोल उष्ण जागेतून आला, तिच्यावरून जमिनीचा थर सरकत गेला आणि पुढे त्याच जागेने मॉरिशस घडवले, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. ज्याला आग पाहायची त्याने रियुनियनला जावे. शांत बसायचे असेल त्याने रॉड्रिग्जला.

बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. कड्याच्या आतले उथळ पाणी सुमारे २०० चौरस किलोमीटर पसरले आहे, म्हणजे बेटापेक्षा पाणीच मोठे. समुद्राच्या लाटा बाहेरच्या बाहेर फुटतात, आत पाणी तळ्यासारखे. इथल्या साऱ्या दिवसाचे वेळापत्रक हे पाणीच ठरवते.

केव्हा जावे

तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि त्यातच चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी ते मार्च तर टाळावेच. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि थंड, पण जून ते ऑगस्ट आग्नेयेचा वारा जोराचा असतो. वाऱ्यावर पतंग धरून पाण्यावर धावणारे परदेशी तरुण तेव्हा मुद्दाम येतात, आपल्यासारख्यांना मात्र त्या वाऱ्याचा कंटाळा येईल. ऊन आणि शांतता दोन्ही हवे असेल तर सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंतचा काळ बरा.

आता हे आपल्या धंद्याच्या पंचांगाला लावून पाहा. कापडवाल्याला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हलता येत नाही, दिवाळीचा माल जात असतो. दिवाळी उरकली आणि लग्नसराईची खरेदी जोरात सुरू व्हायची आहे, असे दोन आठवडे नोव्हेंबरात सापडतात. तेच आपले. ईदचा बाजार दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत असतो, तेव्हा तो कोणत्या महिन्यात पडतो ते आधी पाहून घ्यावे. कारागीर बंधूंनी आपापल्या कामाचा मंदीचा काळ असाच शोधावा.

नोव्हेंबरात एक काळजी घ्यावी. त्या महिन्याच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो. वारा गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कातडी सोललेली असते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, यासारखे दुसरे औषध नाही.

तिकिटाची गोम

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास लागतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. प्रवासाचा सरकारी अर्ज आधीच संगणकावर भरून ठेवावा. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा खात्री करावी.

मॉरिशसहून रॉड्रिग्जला पंख्याचे लहान विमान जाते, साधारण दीड तासाचा प्रवास. विमान लहान, म्हणून जागा थोड्या आणि सामानाची मर्यादाही कमी. बडी बॅग घेऊन गेलात तर जादा वजनाचे पैसे पडतील. सामानाची अट तिकीट काढतानाच विचारा.

माझी चूक इथेच झाली. मुंबई-मॉरिशस तिकीट एका ठिकाणाहून घेतले आणि रॉड्रिग्जचे दुसरीकडून, कारण थोडे स्वस्त पडत होते. परतीच्या दिवशी हवा बिघडली आणि लहान विमान दुसऱ्या दिवशी सुटले. तोवर मुंबईचे विमान निघून गेले होते. दोन तिकिटे वेगळी, म्हणजे दोन वेगळे व्यवहार. एकातला उशीर दुसऱ्याने का सोसावा? नवे तिकीट खिशातून काढले. वाचवले त्याच्या कितीतरी पट गेले.

म्हणून दोन गोष्टी पाळा. सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. आणि रॉड्रिग्जहून परतल्यावर मॉरिशसमध्ये एक रात्र काढून मगच मुंबईचे विमान पकडा. आपण पार्टीला माल देण्याची तारीख कबूल करतो तेव्हा दोन दिवस हातचे ठेवतोच की नाही? तोच नियम.

तो मधला दिवस फुकट जात नाही. पोर्ट लुईमध्ये १८५०च्या दशकात कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन उभारलेली जुम्मा मशीद आहे, ती पाहावी. गिरमिटिया मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो अप्रवासी घाटही जवळच आहे. त्या मजुरांत आपल्या कोकणातले लोक होते, त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे आजही मराठी म्हणून ओळखली जातात. शाळांत मराठीही शिकवतात आणि उर्दूही.

मुक्काम आणि जेवण

रॉड्रिग्जवर मोठी हॉटेले मोजकीच. खरा मुक्काम घरगुती. गावातले कुटुंब आपल्या आवारात दोन-तीन खोल्या काढून पाहुण्यांना देते, अशा घराला तिथे 'झीत' म्हणतात. बरेच जण जेवणही देतात. मुक्काम एकाच घरी ठेवावा. बेट एवढे लहान की कोठूनही कोठेही तासाभरात पोहोचता येते, मग रोज बिऱ्हाड हलवायचे कशाला?

जेवणाचे आधी बोलून घ्यावे. मॉरिशसच्या मुख्य बेटावर हलाल मिळायला अडचण नाही. रॉड्रिग्जवर बहुतेक वस्ती कॅथलिक ख्रिश्चनांची, डुकराचे मांस त्यांच्या रोजच्या खाण्यातले. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की वाईट वाटून घेत नाहीत. मासळी ताजी, राजमा, मका, भाजी, भात, यावर आठ दिवस आरामात निघतात. तिथली बारीक मिरची मात्र आपल्या लवंगीची बहीण आहे, जपून. ऑक्टोपस हा तिथला खास पदार्थ. कोकणातले शाफई बंधू तो खातील, हनफी मंडळींनी मासळीवर भागवावे.

पोर्ट मॅथुरिन या मुख्य गावात छोटी मशीद आहे. खोलीवर नमाज पढताना सवयीने पश्चिमेला तोंड करू नका. तिथून किब्ला वायव्येला, त्यातही उत्तरेकडे झुकलेला येतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. नोव्हेंबरात पहाटे पाचलाच उजाडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मगरीब होते.

पाणी जपून वापरावे. गोडे पाणी ही या बेटाची जुनी टंचाई आहे. पैसा तिथे मॉरिशसचाच रुपया, आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात. डॉलर किंवा युरो नेऊन मॉरिशसच्या विमानतळावर बदलून घ्यावे आणि रोख जवळ ठेवावी, कारण पैसे काढण्याची यंत्रे मोजकीच आहेत. रविवारी बहुतेक दुकाने बंद. बसगाड्या आहेत, पण संध्याकाळपूर्वीच थांबतात.

दिवस कसा घालवावा

पहिल्या दिवशी घरमालकाला भरती-ओहोटीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या. पोहायचे ते भरतीला. ओहोटीला बऱ्याच ठिकाणी पाणी गुडघ्याएवढे उरते, तेव्हा चालायचे किंवा झोपायचे. दिवसातून एकच काम ठरवा. माझ्या मते चार कामे पुरेत.

एक, पूर्वेकडचा किनारा. ग्राव्हिए ते सँ फ्राँस्वा ही पायवाट समुद्राच्या कडेने जाते, वाटेत त्रू दार्जाँ नावाची कड्यांनी वेढलेली चिमुकली पुळण लागते. त्याच बाजूला प्वँत कोतों आहे. फ्रेंचमध्ये कोतों म्हणजे कापूस. तेवढ्यावरूनच मी तिथे दोन दुपारी काढल्या.

दोन, इल ओ कोको हे पश्चिमेकडचे वाळूचे बेट. तिथे समुद्रपक्ष्यांचे अभयारण्य आहे. परवानगी लागते, ती नाववालाच काढून देतो.

तीन, काव्हर्न पातात ही चुनखडीची गुहा आणि जवळचे कासवांचे उद्यान. फ्राँस्वा लेगा नावाचा फ्रेंच माणूस १६९१ साली इथे उतरला तेव्हा बेटावर महाकाय कासवे होती आणि सॉलिटेअर नावाचा न उडणारा पक्षी होता. पुढे जहाजांनी कासवे हजारोंनी खाण्यासाठी उचलून नेली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोन्ही संपले. व्याज सोडून भांडवलच खाल्ले. आज उद्यानात दिसतात ती बाहेरून आणलेली कासवे.

चार, शनिवारचा बाजार. हा आपल्या लोकांनी चुकवू नये. पहाटेच भरतो आणि दहाच्या आत उठू लागतो. वाकोआ म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पात्यांच्या टोपल्या आणि टोप्या, मध, लिंबू-मिरचीची लोणची. विणणारी आणि विकणारी बाई बहुतेक एकच, मधे दलाल नाही. वीण हातात घेऊन पाहा, कारागिराला त्यातली मेहनत लगेच कळेल. अपंग कामगार जिथे नारळाच्या करवंटीपासून दागिने करतात ती केअर-को ही संस्थाही पाहण्यासारखी आहे. मात्र ऑर्डर देऊ नका, भाव विचारून कच्च्या वहीत टिपू नका. सुट्टी तिथेच संपते.

समुद्रालाही सुट्टी

एक गोष्ट मला फार पटली. या बेटावर ऑक्टोपस पकडणे हा अनेकांचा, विशेषतः बायकांचा धंदा. ओहोटीला भाला घेऊन त्या पाण्यात मैलोन् मैल चालतात. बेसुमार पकडीमुळे माल कमी आणि लहान मिळू लागला. तेव्हा २०१२ सालापासून दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान सुमारे दोन महिने ही पकड बंद ठेवू लागले. त्या काळात मच्छीमारांना दुसरे काम दिले गेले. बंदी उठल्यावर मोठे आणि वजनदार ऑक्टोपस हाती आले. हातावर पोट असलेल्या माणसांनी दोन महिने भाला खाली ठेवला, तर आपल्याला आठ दिवस गल्ला का सोडता येऊ नये?

निघण्यापूर्वी घरची व्यवस्था

शेवटी सर्वात अवघड काम. चाव्या आणि सही दुसऱ्याच्या हाती द्याव्या लागतात. मी महिनाभर आधी येणे-देण्याची यादी केली, त्या आठवड्यात वटणारे चेक लिहून ठेवले, उधारीची मर्यादा ठरवून दिली आणि थोरल्या मुलाला सांगितले, "रोज रात्री एकदाच, दहा मिनिटे फोन." पहिले दोन दिवस मीच चार-चार वेळा केला. तिसऱ्या दिवशी बायकोने फोन पिशवीत टाकला.

परत आलो तेव्हा एका लॉटचा भाव मुलाने कमी लावलेला निघाला, त्यात थोडे नुकसान झाले. पण दोन जुन्या उधाऱ्या, ज्या माझ्या भिडेमुळे तीन वर्षे अडकून पडल्या होत्या, त्या त्याने आठ दिवसांत वसूल करून ठेवल्या होत्या. आता पुढच्या नोव्हेंबरची तिकिटे तो काढणार आहे, एकाच व्यवहारात.